मोठ्या क्रूझवर केबिन निवडताना: आधी जागा, मग प्रकार

क्रूझ बुक करताना पहिला प्रश्न बहुतेकांच्या तोंडी असतो, "इनसाइड (बिनखिडकीची) घ्यावी की बाल्कनी?" खरं तर हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की केबिन जहाजात नेमकी कुठे आहे. चुकीच्या जागी असलेली महागडी बाल्कनी केबिन तीन रात्री झोपू देत नाही, आणि नीट जागा बघून घेतलेली स्वस्त इनसाइड केबिन शांत झोप देते. दोन्हींच्या भाड्यात दुपटीचा फरक असू शकतो, म्हणून दर बघायच्या आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचे नकाशे, उघडा.

हा लेख मुख्यतः रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या ओएसिस वर्गातली जहाजं समोर ठेवून लिहिला आहे. या वर्गातलं पहिलं जहाज 2009 साली आलं. लांबी साधारण 360 मीटर, प्रवाशांसाठी सोळाच्या आसपास डेक, आणि केबिन पावणेतीन हजारांच्या आसपास. अमेरिकेत मुलामुलींकडे गेलेले आईबाबा फ्लोरिडाहून किंवा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून जी कॅरिबियन सफर करतात, ती पुष्कळदा याच वर्गातल्या जहाजावर होते. सिंगापूरहून दोन-तीन रात्री फिरणारी जहाजं लहान आहेत, पण केबिन निवडण्याची रीत तीच.

पहिली पायरी: केबिनमध्ये कोण आणि किती तास

कागद घ्या आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून पुढे तीन गोष्टी टिपा. त्याला बोट लागते का, झोप सावध आहे की गाढ, आणि दिवसा केबिनमध्ये किती वेळ जाईल. पुढचे सगळे निर्णय या तीन उत्तरांवर होतात.

ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागण्याची शक्यता जास्त, असं धरून चाला. सत्तरीतली आजी दुपारी दोन तास आडवी होणार आणि संध्याकाळी शोला न जाता बाहेर बघत बसणार, तर बाल्कनीचे पैसे तिच्यासाठी खर्च करा. कॉलेजातली मुलं रात्री दोनला झोपायला येणार आणि नऊला नाश्त्याला पळणार, त्यांना इनसाइड पुरते. सगळ्यांना एकाच प्रकारची केबिन हवी असं काही नाही. आईवडिलांना बाल्कनी आणि त्याच बोळात समोरची इनसाइड मुलांना, ही जोडणी खर्च आणि सोय दोन्ही बाजूंनी आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. बाल्कनी दिवसभर सगळ्यांनाच वापरता येते. अल्पवयीन मुलं वेगळ्या केबिनमध्ये असतील तर बहुतेक कंपन्या पालकांची केबिन लगतची किंवा समोरची असावी अशी अट घालतात. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या.

दुसरी पायरी: जहाज कुठे किती हलतं

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे डावीउजवीकडे झुलणं, पाळण्यासारखं. दुसरं म्हणजे पुढचं टोक वर आणि मागचं खाली, मग उलट, मुलांच्या सी-सॉसारखं. झुलणं कमी करण्यासाठी मोठ्या जहाजांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. सी-सॉ मात्र स्टॅबिलायझरने थांबत नाही. सी-सॉच्या मधोमध बसलेल्या मुलाला धक्का जाणवत नाही, टोकाचं मूल उसळतं. जहाजातही तसंच आहे. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची केबिन समोरून लाट आली की सर्वांत जास्त उचलली जाते.

झुलण्याचा हिशेब उंचीचा. जितक्या वरच्या डेकवर जाल तितका झोका मोठा. म्हणून बोट लागणाऱ्यासाठी जागा एकच: लांबीच्या मधोमध आणि उंचीने खालच्या किंवा मधल्या डेकवर. लोक वरचा डेक म्हणजे जास्त प्रतिष्ठेचा समजून जास्त पैसे देतात आणि मग तिथेच उलट्या काढतात. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मळमळ सुरू होण्याआधी घ्या. सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

तिसरी पायरी: डेक प्लॅन तीन मजल्यांचा वाचायचा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आणि सगळ्यांत जास्त वगळली जाणारी. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक डेकचा नकाशा असतो. आपल्या केबिनचा डेक बघून थांबायचं नाही. बरोबर वरचा आणि बरोबर खालचा डेकही उघडायचा आणि आपल्या केबिनची जागा त्या दोन्हींवर बोटाने शोधायची. वरती केबिन, खालती केबिन, शेजारी केबिन असेल तर ती जागा शांत.

नकाशे एकाच मापात उघडले तर लिफ्ट आणि जिने खूण म्हणून वापरता येतात, कारण ते सगळ्या डेकवर एकाच जागी असतात. समजा केबिन पुढच्या लिफ्टपासून मागे दहावी आहे. वरच्या डेकवर त्याच लिफ्टपासून तेवढंच मागे जा आणि तिथे काय छापलंय ते वाचा.

ओएसिस वर्गात 15व्या डेकवर स्विमिंग पूल आणि त्याभोवती शेकडो आरामखुर्च्या आहेत. त्याच्या बरोबर खाली 14व्या डेकवर केबिन आहेत, आणि त्या विकल्या जातात तेव्हा जाहिरातीत "पूल जवळ" असं दिसतं. पहाटे पाच-सहा वाजता कर्मचारी खुर्च्या ओढून डेक धुवायला घेतात. लोखंडी डेकवर खुर्चीचे पाय घसटतात तो आवाज छतातून सरळ उशाशी येतो. रात्री अकरापर्यंत संगीत असतं ते वेगळंच. त्यापेक्षा 9, 10 किंवा 11व्या डेकवरची, वरखाली केबिनच असलेली जागा घ्या. पूलला जायला लिफ्टमध्ये एक मिनिट जास्त लागेल.

कशाच्या वर किंवा खाली केबिन नको, याची यादी मोठी नाही. पूल, बुफे, बास्केटबॉल कोर्ट आणि धावपट्टी यांच्या खाली नको. थिएटर, नाइटक्लब आणि कॅसिनो यांच्या वर नको. बासच्या ठोक्यांनी पलंग थरथरतो आणि त्यावर कानातले बोळे काम करत नाहीत. नकाशावर जिथे काहीच लिहिलेलं नाही, नुसती पांढरी किंवा करडी जागा आहे, तिथे सावध व्हा. ते रिकामं नसतं. तिथे स्वयंपाकघर, भांडी धुण्याची जागा, लाँड्री किंवा कर्मचाऱ्यांचा जिना असतो, आणि ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. लिफ्टपासून चार-पाच केबिन दूर असावं, अगदी समोर नको.

खालच्या डेकवर अगदी पुढे नांगराची साखळी आणि बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक आडवं ढकलणारे पंखे, असतात. बंदरात शिरताना, म्हणजे बहुधा पहाटे सहा-सातला, थ्रस्टर सुरू झाले की भिंती गडगडतात. अगदी मागे प्रोपेलरची थरथर असते, ती जास्त जाणवते बंदराला लागताना आणि वेगात चालताना.

मधोमध म्हणजे जवळ असं नाही

ओएसिस वर्गाची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. या जहाजाचा मधला भाग वरून उघडा आहे. 8व्या डेकवर सेंट्रल पार्क नावाची खरीखुरी झाडं असलेली बाग आणि मागच्या बाजूला 6व्या डेकवर बोर्डवॉक नावाचा जत्रेसारखा मोकळा रस्ता. त्यामुळे लिफ्टचे मोठे गट दोनच, एक पुढे आणि एक मागे. मधोमधची केबिन हलण्याच्या दृष्टीने उत्तम, पण चालायला सर्वांत लांब. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून आठ वेळा तो बोळ चालावा लागतो. अशा वेळी तडजोड करा: मागच्या किंवा पुढच्या लिफ्टपासून मध्याकडे सहा-सात केबिन आत. मुख्य भोजनगृह मागे आहे, मोठं थिएटर पुढे. ज्यांना जेवण महत्त्वाचं त्यांनी मागची लिफ्ट जवळ धरावी. आजीआजोबांसाठी मागची.

चौथी पायरी: आता प्रकार

इनसाइड केबिनचं क्षेत्रफळ बहुतेक मोठ्या जहाजांवर 150 ते 180 चौरस फुटांच्या आसपास असतं. दहा बाय दहाची खोली ज्यांना माहीत आहे त्यांनी तिला दीडपट करावी आणि बाथरूमही त्यातच धरावं. खिडकी नाही, त्यामुळे दिवा मालवला की मिट्ट काळोख. काहींना त्यात छान झोप लागते, काहींचा जीव घुसमटतो. यावर एक साधा उपाय आहे: टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनेल असतो, तो आवाज बंद करून चालू ठेवायचा. रात्री काळा पडदा, पहाटे आपोआप उजेड.

खिडकीची केबिन, म्हणजे ओशन व्ह्यू, इनसाइडपेक्षा थोडी महाग. उजेड मिळतो, काच उघडत नाही. अगदी खालच्या डेकवर खिडकी गोल आणि लहान असते आणि समुद्र खवळला की तिच्यावर आतून लोखंडी झाकण लावतात. यातली एक सावधगिरी म्हणजे "ऑब्स्ट्रक्टेड", म्हणजे समोरचा देखावा अडलेली केबिन. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. ओएसिस वर्गातली एक लाइफबोट 370 माणसं घेते, तेव्हा तिच्या आकाराची कल्पना करा. केबिनमधून दिसतं ते तिचं पिवळं किंवा पांढरं छप्पर. भाडं कमी असेल आणि तुम्हाला नुसता उजेड हवा असेल तर ही केबिन वाईट नाही. समुद्र हवा असेल तर घेऊ नका.

बाल्कनी केबिन बहुतेक 180 चौरस फुटांपुढे आणि बाल्कनी वेगळी 40-50 चौरस फूट, दोन खुर्च्या आणि एक तिपाई मावेल एवढी. काही कंपन्या माहितीपत्रकात दोन्ही मिळून आकडा छापतात, तो आतला समजू नका. बाल्कनीचा दरवाजा उघडा ठेवला की एसी बंद पडतो किंवा दमट हवेने भिंतीला पाणी सुटतं. बाल्कनी उघडी असताना कोणी बोळातला दरवाजा उघडला तर वाऱ्याच्या दाबाने तो जड दरवाजा फटकन आपटतो. लहान मुलांची बोटं तिथे चेंगरतात. एक दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

ओएसिस वर्गात बाल्कनीचेही प्रकार आहेत, आणि इथे फसगत होते. समुद्राकडची बाल्कनी, सेंट्रल पार्ककडची आणि बोर्डवॉककडची. पार्ककडच्या बाल्कनीतून समुद्र दिसत नाही, झाडं दिसतात. वारा लागत नाही, संध्याकाळी खाली मंद संगीत असतं, आणि ती स्वस्त असते. समोरच्या बाल्कनीतली माणसं तुम्हाला बघू शकतात, म्हणून पडदे ओढून घ्यायची सवय ठेवावी. बोर्डवॉककडच्या बाल्कनीतून खाली मेरी-गो-राउंड आणि मागच्या टोकाला पाण्याचे खेळ होतात ते थिएटर दिसतं. मुलं असतील तर ती हरखतात. पण तिथे दिवसभर सराव आणि रात्री शो असतात, त्यामुळे लवकर झोपणाऱ्यांना ती नको. "बाल्कनी" एवढाच शब्द वाचून पैसे भरलेल्यांना जहाजावर चढल्यावर समुद्राऐवजी समोरची खिडकी दिसते. प्रकाराचं पूर्ण नाव वाचा.

बाल्कनीचे पैसे कुठे वसूल होतात? अलास्का आणि नॉर्वेमध्ये नक्की. तिथे जहाज दोन्ही बाजूंना डोंगर आणि हिमनद्या ठेवून दिवसभर सावकाश चालतं. कॅरिबियनमध्ये रोज एका बेटावर उतरायचं असेल तर निम्मेच. सिंगापूरच्या दोन रात्रींमध्ये फार नाही, कारण जहाजच बघून होत नाही.

स्वीट, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या केबिनबद्दल थोडक्यात: जागा दुप्पट, वेगळं भोजनगृह, चढताउतरताना रांग नाही. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल तर करा. एरवी त्या पैशात दुसरी सफर होते. एकट्या प्रवाशाला मात्र दोघांच्या केबिनचं जवळजवळ दुप्पट भाडं भरावं लागतं. त्यावर नॉर्वेजियन एपिक या जहाजाने 2010 साली साधारण 100 चौरस फुटांच्या 128 स्टुडिओ केबिन खास एकट्यांसाठी आणल्या. नंतर इतर जहाजांवरही अशा केबिन आल्या. त्या लवकर भरतात.

कोणती बाजू

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. परतीची फेरी असेल तर बाजूने फारसा फरक पडत नाही, जाताना जे उजवीकडे तेच येताना डावीकडे. एका दिशेच्या सफरीत पडतो. व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्काकडे जाताना मुख्य किनारा उजवीकडे राहतो, म्हणून स्टारबोर्ड. हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी वळतं, ते दोन्ही बाजूंना दिसतं.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याला निघालात तर गेटवे आणि कुलाबा उजवीकडून सरकतात आणि पुढे सूर्यास्तही उजवीकडे. किनारा डावीकडे असतो, पण अंधार पडतो आणि जहाज दूर जातं, त्यामुळे त्यासाठी डावी बाजू मागू नका. या मार्गावर चालणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे 1990 साली बांधलेलं जहाज आहे. त्यावर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच, केबिन लहान. तिथे बाल्कनीच्या मागे न लागता मधोमध खिडकीची केबिन घेणं बरं.

केबिनचा सम-विषम आकडा बघून बाजू ओळखता येते असं ऐकाल. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे, तेव्हा नकाशाच बघा.

चार माणसं, एक केबिन?

तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, म्हणून चौघांची केबिन स्वस्त पडते. पण बाथरूम एकच, आणि सकाळी साडेसातला बेटावर उतरायचं असताना चौघांच्या अंघोळी एकापाठोपाठ. सोफा उघडला की चालायला वाट उरत नाही. वरची बर्थ छतातून खाली येते, शिडीने चढावं लागतं. ती साठीपुढच्या माणसाला देऊ नका आणि अगदी लहान मुलांनाही देऊ नका. शेजारीशेजारी दोन इनसाइड केबिन, मधून दरवाजा असलेल्या, यांचा दर एकदा काढून बघा. पुष्कळदा चौघांच्या बाल्कनी केबिनएवढाच येतो आणि दोन बाथरूम मिळतात.

मात्र मधला दरवाजा आवाज अडवत नाही. पलीकडे आपली माणसं नसतील तर नकाशावर दोन केबिनना जोडणारी खूण असलेली केबिन टाळा. शेजाऱ्यांचा टीव्ही, खोकला, भांडण सगळं ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. केबिनमध्ये चार पलंग असूनही कधीकधी कंपनी दोघांनाच बुकिंग देते. कारण त्या भागातल्या माणसांची संख्या लाइफबोटींच्या हिशेबात बसवावी लागते. म्हणून तीन-चार जणांची केबिन शेवटच्या क्षणी मिळत नाही, सहा महिने आधी धरा.

चाकाची खुर्ची लागत असेल तर साधी केबिन चालणार नाही. बोळातून आत शिरायचं दार अरुंद असतं आणि बाथरूमला काही इंचांचा उंबरा असतो. यासाठी रुंद दाराच्या, बिनउंबऱ्याच्या, बसून अंघोळ करता येईल अशा केबिन असतात. त्या थोड्या असतात आणि सर्वांत आधी संपतात.

पाचवी पायरी: बुकिंगच्या वेळी काय लेखी घ्यायचं

"गॅरंटी" हा शब्द दिसला तर थांबा. ऐकायला पक्कं वाटतं, पण अर्थ उलट आहे. प्रकार पक्का, जागा कंपनी ठरवणार. निघायच्या काही दिवस आधी आकडा कळतो, आणि जी केबिन कोणी घेतली नाही ती वाट्याला येण्याचा संभव मोठा. एकट्याने किंवा तरुण जोडप्याने पैसे वाचवायला घेतली तर ठीक. बोट लागणारं माणूस, म्हातारं माणूस किंवा दोन केबिनमध्ये विभागलेलं कुटुंब असेल तर नको. दोन गॅरंटी केबिन जहाजाच्या दोन टोकांना येऊ शकतात.

टूर कंपनीमार्फत जात असाल तर व्हाउचरवर तीन गोष्टी लिहून मागा: केबिनचा आकडा, प्रकाराचं पूर्ण नाव आणि तिसऱ्या माणसाला सोफा की वरची बर्थ. "बघू, मिळेल" असं उत्तर आलं तर केबिन गॅरंटीची आहे असं समजा.

नीट जागा बघून केबिन घेतली असेल तर बुकिंगवर "अपग्रेड नको" अशी नोंद करायला सांगा. फुकट अपग्रेडमध्ये प्रकार वरचा मिळतो, जागा मात्र पूलखालची असू शकते. नंतर ईमेलने बोली लावून अपग्रेड करण्याचे प्रस्ताव येतात, त्यातही जागा निवडता येत नाही.

चढल्यावर पहिला अर्धा तास

केबिन मिळाली की पिशव्या उघडण्याआधी एसी सुरू होतो का, शॉवरचं पाणी निथळतं का, तिजोरी लागते का, हे बघा. मोकळ्या बॅगा पलंगाखाली सरकवा, तिथे मोठ्या बॅगाही मावतात. भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चार चुंबकाचे हुक घरून नेले तर ओले कपडे आणि टोप्या टांगता येतात. इस्त्री आणि किटली बोर्डवर जप्त होते, एक्स्टेन्शन बोर्डही बऱ्याच जहाजांवर चालत नाही.

पलंगावर पाच मिनिटं गप्प पडून ऐका. काही खडखडत असेल, ट्रॉल्या धडधडत असतील तर लगेच गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला जा. पहिल्या संध्याकाळी न आलेल्या प्रवाशांच्या केबिन रिकाम्या असू शकतात. दुसऱ्या दिवशी तीच विनंती केली की जहाज भरलेलं असतं आणि कानातले बोळे हातात मिळतात.